फुटाला किती?

इपॉक्सी फ्लोअरिंगच्या ठेकेदाराला येणारा पहिला फोन बहुधा याच प्रश्नाने सुरू होतो. पलीकडे चाकणच्या कारखान्यातला पर्चेसवाला असेल, भोसरीतला गाळेमालक असेल किंवा एखाद्या औषध कंपनीच्या प्रोजेक्टवर नुकता रुजू झालेला इंजिनिअर असेल. नमस्कार-चमत्कार झाला की तो विचारतो, "फुटाला किती पडेल?" प्रश्न रास्त आहे. काम चौरस फुटात मोजलं जातं, बिल चौरस फुटात निघतं, आणि त्याला वरच्या साहेबांपुढे तीन दर मांडायचे असतात. पण फोनवरच आकडा सांगून मोकळा होणारा नवा ठेकेदार न पाहिलेल्या काँक्रीटची जबाबदारी अंगावर घेत असतो. रेझिनचे डबे पैसे मोजले की कुठूनही आणता येतात. काँक्रीट मात्र दुसऱ्या कुणीतरी, कधीतरी, कसंतरी टाकलेलं असतं, आणि ते जसं असेल तसं पत्करावं लागतं.

मी आधी दुसऱ्यांच्या साइटी सुपरवायझर म्हणून सांभाळल्या आणि मग स्वतःचा ठेका सुरू केला. हल्ली या धंद्यात उतरू पाहणारी मुलं भेटायला येतात. मशीन कोणतं घेऊ, माल कुणाचा वापरू, भांडवल किती लागेल, असे त्यांचे प्रश्न असतात. मी त्यांना आधी एखाद्या मोकळ्या शेडमध्ये नेतो आणि जमिनीवर बसायला सांगतो. उभं राहून काँक्रीट कळत नाही.

बसल्यावर पहिल्यांदा हात फिरवायचा. तळव्याला पीठ लागलं तर वरचा थर कच्चा आहे. काँक्रीट ओतल्यावर पाणी वर येतं, त्याबरोबर सिमेंटचा बारीक अंश येतो आणि पृष्ठभागावर एक ठिसूळ, दुधाळ कवच बसतं. त्यावर कितीही चांगला माल लावला तरी तो त्या कवचाला चिकटेल, आणि कवच खालच्या काँक्रीटला धरून बसलेलं नसेल. मग पाण्याचे थेंब टाकायचे. एका जागी थेंब मिनिटभरात मुरतो, दोन हात पुढे तोच थेंब मोत्यासारखा उभा राहतो. तिथे तेल आहे, किंवा काँक्रीट टाकताना फवारलेलं क्युरिंग कंपाउंड आहे, किंवा ओल्या काँक्रीटमधलं जादा पाणी ओढून घेणारं ट्रिमिक्स करून पॉवर ट्रॉवेलने घोटून घोटून जमीन काचेसारखी बंद करून टाकलेली आहे. मग हातोडीने ठोकत चालायचं. भरीव जागेचा आवाज आखूड आणि कडक येतो, पोकळ जागा घुमते. पोकळ जागांभोवती खडूने गोल करायचे आणि फोटो काढून ठेवायचे.

ओल डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तिच्यासाठी वेळ द्यावा लागतो. साधारण दीड फूट बाय दीड फूट जाड पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेपने जमिनीला हवाबंद चिकटवायचा आणि निदान सोळा तास तसाच ठेवायचा. सकाळी प्लास्टिकच्या आतल्या बाजूला घाम दिसला किंवा खालचं काँक्रीट काळपट झालं, तर खालून वाफ येते आहे. ही चाचणी स्वस्त आहे, तिच्यासाठी फक्त दुसऱ्या दिवशी परत यावं लागतं. पुढची पायरी म्हणजे ओलाव्याचं मीटर. चार टक्क्यांच्या वर ओलावा असेल तर बहुतेक कंपन्यांच्या माहितीपत्रकाप्रमाणे नेहमीचा इपॉक्सी लावू नये. नवं काँक्रीट असेल तर अठ्ठावीस दिवस तरी जायला हवेत. एवढं तपासूनही एक प्रश्न उरतोच: जुन्या शेडच्या कोब्याखाली ओल अडवणारा प्लास्टिकचा थर घातला होता का, हे कुणालाच आठवत नाही. काळ्या मातीवर बांधलेल्या शेडमध्ये हा प्रश्न मी सगळ्यांत आधी विचारतो.

उन्हाळ्यात कोरडीठाक वाटलेली जमीन पावसाळा लागला की खालून दाब देऊ लागते. मग वरच्या चकचकीत थराला रुपयाएवढे फुगे येतात, आणि सुई टोचली की त्यातून चिकट पाणी बाहेर पडतं.

इपॉक्सी म्हणजे काय हे मुलांना फार समजवावं लागत नाही. घरोघरी फुटलेल्या कपाला अॅराल्डाइट लावलेलं असतं. दोन नळ्या, एकीत रेझिन आणि दुसरीत हार्डनर. फ्लोअरिंगमध्ये तीच रसायनं डब्यांनी येतात. रंगासारखा हा माल वाळत नाही. दोन द्रव्यं एकमेकांत गुंफली जाऊन तिसरा घट्ट पदार्थ तयार होतो, आणि तो खालच्या काँक्रीटपेक्षा मजबूत असतो. म्हणूनच उखडलेल्या फ्लोअरचा पापुद्रा मी नेहमी उलटा करून पाहतो. मागच्या बाजूला करड्या काँक्रीटचं कातडं चिकटून आलेलं असेल, तर माल टिकला आणि काँक्रीट फाटलं. मागची बाजू स्वच्छ आणि गुळगुळीत असेल, तर घासाई झाली नव्हती, तेल होतं किंवा ओल होती. मालाला नावं ठेवण्याआधी हे एवढं पाहिलं की बहुतेक भांडणं तिथेच मिटतात. मोठ्या कामात पकड मोजूनच घ्यावी. पन्नास मिलिमीटरची लोखंडी चकती जमिनीला चिकटवून यंत्राने ओढतात. चौरस मिलिमीटरला दीड न्यूटन तरी ताण काँक्रीटने सोसला पाहिजे.

आता दर. आठ हजार चौरस फुटांची शेड आहे आणि दोन मिलिमीटर जाडीचं सेल्फ लेव्हलिंग करायचं आहे, असं धरू. आठ हजार फूट म्हणजे सुमारे 743 चौरस मीटर. भरणा घातलेल्या मालाची घनता 1.6 धरली तर एक मिलिमीटर जाडीला चौरस मीटरमागे 1.6 किलो माल लागतो, दोन मिलिमीटरला 3.2 किलो. एकूण जवळजवळ 2380 किलो. कागदावर हिशेब इथे संपतो. जमिनीवर दहा फुटी सरळ अॅल्युमिनियम पट्टी आडवी ठेवली की कळतं, पट्टीखालून कुठे दोन, कुठे चार मिलिमीटरचा उजेड दिसतो आहे. सेल्फ लेव्हलिंग माल पाण्याच्या वळणाने जातो, आधी खड्डे भरतो. या खळग्यांमुळे सरासरी जाडी फक्त अर्धा मिलिमीटर वाढली तरी 595 किलो माल जास्त लागला. किलोला 200 रुपये धरले तर 1 लाख 19 हजार रुपये, फुटामागे जवळजवळ पंधरा. ज्याने फोनवर दर दिला त्याचा नफा बहुतेक याच खळग्यांत गेला. म्हणून माझ्या कोटेशनमध्ये जमीन सपाट करण्याचं स्क्रीडिंग वेगळ्या ओळीत, वेगळ्या दराने असतं. गिऱ्हाईक ती ओळ खोडायला सांगतं तेव्हा मी त्यालाच पट्टीजवळ बसवतो.

घासाईची रात्र मला या कामातली सगळ्यांत प्रामाणिक रात्र वाटते, कारण तिथे काहीही झाकता येत नाही. थ्री फेज लाइन मिळाली की मशीन सुरू होतं. खाली डायमंडचे दात बसवलेल्या चकत्या असतात. चांगला चालवणारा मशीनला ढकलत नाही, त्याला डावी-उजवीकडे संथ झुलवत नेतो आणि प्रत्येक फेरीत आधीच्या पट्ट्यावर थोडा चढवतो. करडा, चकाकणारा थर निघून जातो आणि खालून वाळूचे दाणे वर येतात. बोटाखाली बारीक पॉलिश पेपरसारखा खरखरीतपणा लागला की पातळ कोटिंगसाठी पुरेसं झालं. जाड स्क्रीडला याहून खोल चर लागतात, तिथे शॉट ब्लास्टिंग करतात. बारीक पोलादी गोळ्या वेगाने जमिनीवर मारून तीच यंत्रं त्या परत ओढून घेतात. आठ हजार फुटांना एका मशीनवर दोन-तीन दिवस तरी द्यावे लागतात, आणि नवा ठेकेदार नेमके हेच दिवस वाचवायला जातो. जुन्या मशीन शॉपमध्ये लेथच्या पायाभोवती काळे डाग असतात. वर्षानुवर्षांचं कटिंग ऑइल तिथे खोल मुरलेलं असतं. डिटर्जंट आणि गरम पाण्याने वरचं निघतं, आतलं पुन्हा वर येतं. तेवढा तुकडा फोडून नवं काँक्रीट भरणं हा महाग पण खरा उपाय आहे.

या धुळीबद्दल आणखी एक सांगितलंच पाहिजे. काँक्रीटच्या धुळीत सिलिका असते. तिचे सगळ्यांत घातक कण डोळ्यांना दिसतच नाहीत. ते फुप्फुसात खोल उतरतात आणि सिलिकोसिस होतो. हा आजार बरा होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 1997 साली या धुळीला माणसात कर्करोग करणाऱ्या पहिल्या गटात टाकलं. म्हणून धंदा सुरू करणाऱ्याने पैसे वाचवायचे असतील तर ग्राइंडर जुना घ्यावा, पण त्याला जोडायचा इंडस्ट्रियल व्हॅक्युम नवा आणि चांगला घ्यावा. तोंडाला रुमाल बांधून घासाई करणारा मुलगा माझ्या साइटवर उभा राहू शकत नाही. मास्क नीट बसतो का ते मी स्वतः पाहतो. घासाई झाल्यावर झाडू मारायचा नाही, व्हॅक्युमच फिरवायचा. झाडूने धूळ उडते आणि पुन्हा जमिनीवरच बसते, प्रायमरच्या खाली.

प्रायमर पातळ असतो. काँक्रीट तो पितं. कुठे भराभर, कुठे सावकाश. जिथे पिऊन टाकलं आणि जमीन पुन्हा कोरडी दिसू लागली तिथे दुसरा हात द्यावा लागतो. प्रायमर आणि मुख्य थर मी शक्यतो संध्याकाळी लावतो, आणि याचं कारण शेडच्या पत्र्यात आहे. सकाळी पत्रा तापतो, मागोमाग जमीन तापते, काँक्रीटच्या छिद्रांतली हवा फुगते आणि ओल्या थरातून बुडबुडे काढत वर येते. दुसऱ्या दिवशी त्यांचेच पिनहोल दिसतात. संध्याकाळी जमीन निवत असते, हवा आत ओढली जाते आणि माल तिच्यामागून छिद्रात उतरतो. मात्र फार उशीरही करता येत नाही. जमिनीचं तापमान दवबिंदूपेक्षा निदान तीन अंश वर असायला हवं. नाही तर डोळ्यांना न दिसणारं दव बसतं आणि थरावर पांढुरकी, चिकट साय येते. हवेतला दमटपणा आणि जमिनीचं तापमान मोजणारी उपकरणं एका खिशात मावतात. ती नसतील तर काम सुरू करू नये.

महाराष्ट्रात हे गणित जागोजागी बदलतं. मे महिन्यात बुटीबोरीला पंचेचाळीस अंशांत डबा उघडला तर मिसळलेला माल पसरायला पुरेसा वेळच मिळत नाही. साधारण दहा अंश तापमान वाढलं की हाताशी असलेला वेळ निम्म्यावर येतो. तिथे माल रात्रभर गार खोलीत ठेवावा आणि काम रात्रीच करावं. जानेवारीच्या रात्री तळेगावला उलट होतं. सकाळी आठ वाजता जमीन अजून चिकट असते आणि मेंटेनन्सचा माणूस फोर्कलिफ्ट घेऊन दारात उभा असतो. महाड किंवा लोटे-परशुरामला जुलैत दवबिंदूच आडवा येतो. तिथे शेड बंद करून डिह्युमिडिफायर लावण्याचा खर्च कोटेशनमध्ये धरलेला असेल तरच हो म्हणावं.

मुख्य थर ओतण्याच्या वेळी टोळीत आठ माणसं लागतात. दोघं मिक्सिंगला, दोघं बादल्या वाहायला, दोघं दात्याच्या ट्रॉवेलने पसरायला, एक काटेरी रोलर फिरवायला आणि एक कडा, खांब आणि कोव्हिंग, म्हणजे भिंत आणि जमीन जोडणारी गोलाई, सांभाळायला. चोवीस किलोचा एक सेट दोन मिलिमीटरला सुमारे ऐंशी फूट जातो. आठ हजार फुटांना शंभर सेट. दर तीन मिनिटांना एक सेट जमिनीवर पडायला हवा, तर पाच तासांत शेड संपते. या तीन मिनिटांवर सगळी रात्र तोललेली असते. उशीर झाला तर आधीच्या ओल्या कडेला साय धरते आणि नवा माल तिच्यात विरघळत नाही. त्या जागी कायमची रेघ उमटते.

म्हणून मिक्सिंगवाला या टोळीतला सगळ्यांत महत्त्वाचा माणूस, आणि बहुतेक ठिकाणी तिथे सगळ्यांत नवखा पोरगा बसवलेला असतो. मी उलट करतो. रेझिन आधी एकटंच ढवळायचं, तळाला बसलेला रंग वर आणायचा. मग हार्डनर पूर्ण ओतायचा, डबा उपडा धरून शेवटचा थेंब निथळेपर्यंत. ड्रिल मिक्सर संथ फिरवायचा, नाही तर हवा घुसते. बादलीच्या कडा आणि तळ पत्र्याने खरवडायचे. मग सगळा माल दुसऱ्या स्वच्छ बादलीत ओतून पुन्हा ढवळायचा, कारण पहिल्या बादलीच्या कडेला थोडं न मिसळलेलं राहतंच. तेवढं जमिनीवर गेलं तर तो हातभर तुकडा महिन्यांनीही चिकटच राहतो. अर्धा सेट अंदाजाने मिसळायचा नाही. लागलाच तर वजनकाटा वापरायचा. आणि एका सलग भागात एकाच बॅचचा माल. दोन बॅचच्या करड्या रंगातला फरक डब्यात दिसत नाही, पण ट्यूबलाइटखाली आडवा पट्टा होऊन दिसतो.

"भाऊ, ही तापली!" असा आवाज आला की समजायचं, कुणीतरी बादली ओतायची ठेवून दिली. मिसळलेल्या मालात उष्णता निर्माण होते. जमिनीवर पातळ पसरला की ती निघून जाते, बादलीत साठून राहिली की तीच रासायनिक क्रिया आणखी वेगाने पुढे ढकलते. काही मिनिटांत बादलीतून धूर येतो आणि आतला माल दगड होतो. अशी बादली उघड्यावर नेऊन ठेवायची आणि तिच्या नादी लागायचं नाही. मुकादम ओरडतो, "पुढचा सेट आण, पुढचा!" आणि रांग चालू राहते. काट्याचे बूट घातलेला माणूस ओल्या थरावरून चालत काटेरी रोलर फिरवतो. रोलरखाली बारीक बुडबुडे फुटताना तांदूळ शिजल्यासारखा चुरचुर आवाज येतो. त्याने त्याच जागी दुसऱ्यांदा कधी परतायचं हे पुस्तकात नसतं, ते त्याच्या डोळ्याला कळतं. अशा माणसाला मी इतरांपेक्षा जास्त रोज देतो आणि काम नसलेल्या महिन्यातही सोडत नाही.

हातांची काळजी हा माझ्यासाठी धंद्याचाच भाग आहे. इपॉक्सीचं रेझिन आणि अमाइन हार्डनर कातडीला लागत राहिले तर एक दिवस शरीर त्यांना ओळखू लागतं. मग हातावर, पापण्यांवर, मानेवर पुरळ उठतं, आणि त्यानंतर त्या माणसाला जन्मभर या मालाजवळ जाता येत नाही. चांगले कारागीर असे धंद्यातून बाहेर पडलेले मी पाहिले आहेत. थिनरने हात धुण्याची सवय तर सगळ्यांत वाईट, कारण थिनर रेझिनला कातडीच्या आत घेऊन जातो. नायट्राइलचे मोजे, पूर्ण बाह्यांचा शर्ट, हात धुवायला साबण आणि कोमट पाणी, डोळे धुण्याची बाटली. या सगळ्याचा खर्च फुटामागे नगण्य पडतो. तो दरात धरावा आणि काटू नये.

काम कुठून मिळतं हेही सांगतो. चाकण, रांजणगाव, तळेगावच्या वाहन उद्योगात दिवाळीचा शटडाउन असतो. वर्षभर न थांबणाऱ्या लाइनी तेव्हा थांबतात आणि सगळ्यांनाच त्या चार-सहा दिवसांत फ्लोअर करून हवा असतो. त्याच दिवसांत टोळीतले बिहारचे लोक घरी जायला निघतात, कारण दिवाळीनंतर सहाव्या दिवशी छठ असते. गावाकडच्या आपल्या पोरांनाही दिवाळी घरीच हवी असते. दिवाळीचं काम घ्यायचं असेल तर माणसांशी गणपतीतच बोलून घ्यावं. कोण थांबणार, त्याला किती जास्त मिळणार, त्याचं परतीचं तिकीट कोण काढणार. ही बोलणी न करता घेतलेलं शटडाउनचं काम मी कुणालाही सुचवणार नाही.

औषध कारखान्यांत वेगळी निकड आहे. औषध नियमांतल्या शेड्यूल एमनुसार उत्पादनाच्या जागेत भिंती आणि जमीन भेगांशिवाय, उघड्या सांध्यांशिवाय आणि सहज धुता येण्याजोगी असावी लागते. सुधारित शेड्यूल एम डिसेंबर 2023 मध्ये अधिसूचित झालं. तिथे कोव्हिंगच्या गोलाईत बोट फिरवून पाहणारे ऑडिटर असतात. इलेक्ट्रॉनिक्सच्या जागेत स्थिर विद्युत जमिनीत उतरवणारा फ्लोअर लागतो. तांब्याच्या पट्ट्या, वाहक प्रायमर आणि शेवटी रोधाची मोजणी, असं ते काम असतं. दूध संघात आणि मिठाईच्या कारखान्यात इपॉक्सी मागितला तरी नाही म्हणावं. दुधातलं लॅक्टिक आम्ल आणि धुण्याचं कढत पाणी त्याला सोसत नाही. तिथे सहा मिलिमीटरचं पीयू (पॉलियुरेथेन) काँक्रीट लागतं. उन्हात येणाऱ्या रॅम्पवर इपॉक्सी पिवळा पडतो. गिऱ्हाइकाला हे आपणहून सांगितलं तर एखादं काम जातं, पण पुढचं काम विचारायला तोच माणूस येतो.

नव्याने सुरू करणाऱ्याने माझ्या मते पहिलं वर्ष मोठ्या शेडच्या मागे लागू नये. पाचशे ते दोन हजार फुटांचे गाळे, गॅरेज, पॅथॉलॉजी लॅब, स्टोअर रूम यांची कामं घ्यावीत. एवढं काम चार माणसांत होतं, एका ग्राइंडरवर निभतं आणि चुकलं तरी पुन्हा करून देण्याची ऐपत राहते. माल बनवणाऱ्या कंपन्या आपल्या अॅप्लिकेटरना प्रशिक्षण देतात. एका कंपनीशी नीट जोडून घेतलं की तिचा तांत्रिक माणूस साइटवर येतो, आणि सुरुवातीला ही मदत मोलाची असते. मोठं मशीन आधी भाड्याने घ्यावं. माणसं मात्र पहिल्या दिवसापासून स्वतःची असावीत.

भांडवल मशीनपेक्षा जास्त लागतं ते पैसे येईपर्यंत तग धरायला. वरच्या आठ हजार फुटांच्या उदाहरणात नुसत्या मुख्य थराचा माल पावणेपाच लाखांचा होतो. नव्या ठेकेदाराला तो बहुतेक रोख घ्यावा लागतो. मजुरी आठवड्याला द्यावी लागते. गिऱ्हाइकाची ऑर्डर मात्र म्हणते, काम पूर्ण झाल्यावर मोजमाप, मोजमापानंतर बिल, बिलानंतर पंचेचाळीस किंवा साठ दिवस, आणि पाच टक्के रक्कम रिटेन्शन म्हणून वर्षभर राखून ठेवलेली. बिल फाडलं की 18 टक्के जीएसटी पुढच्या महिन्याच्या वीस तारखेपर्यंत भरायचा, गिऱ्हाइकाने पैसे दिले असोत वा नसोत. मालावरचा भरलेला कर वजा मिळतो, बाकीचा खिशातून जातो. उद्यम नोंदणी जरूर करावी. सूक्ष्म आणि लघु उद्योगांना पंचेचाळीस दिवसांत पैसे देण्याची तरतूद 2006 च्या कायद्यात आहे. पण माल आणि मजुरी एकत्र असलेल्या वर्क्स काँट्रॅक्टला ती लागू होते का, यावर न्यायालयांत वाद झालेले आहेत. तेव्हा कायद्याच्या भरवशावर उधारी वाढवू नये. मालाच्या किमतीएवढा तरी अॅडव्हान्स हातात आल्याशिवाय मी डबे मागवत नाही, आणि हे पहिल्याच भेटीत सांगून टाकतो.

मोठ्या कंपनीच्या गेटवर आणखी एक फाइल लागते. पीएफ, ईएसआय, विमा पॉलिसी, प्रत्येक मजुराचं ओळखपत्र, वैद्यकीय तपासणी, मालाचं सेफ्टी डेटा शीट. ती अपुरी असेल तर टोळी सकाळभर गेटबाहेर बसते आणि रोज चालूच राहतो. ही फाइल एकदा लावून ठेवली की प्रत्येक साइटला उपयोगी पडते.

आणि शेवटी प्रत्येक कामाची आपली स्वतःची नोंद. कोणत्या तारखेला, किती वाजता, जमिनीचं तापमान किती, दमटपणा किती, कोणत्या बॅचचे किती सेट कोणत्या भागात, प्लास्टिकच्या चाचणीचे फोटो, पोकळ जागांचे खडूचे गोल. बांधकामाचे सांधे कापून पीयू सीलंटने भरले का, की ते झाकावेत असा गिऱ्हाइकाचा हट्ट होता. फ्लोअर हलक्या वर्दळीसाठी चोवीस तासांनी आणि रसायनांसाठी सात दिवसांनी खुला करावा असं लेखी दिलं होतं का. कोटेशनच्या शेवटच्या पानावर मी पाहणीत दिसलेलं सगळं लिहितो. ओल किती निघाली, तेलाचे डाग कुठे आहेत, कुठल्या जागेची हमी देता येणार नाही आणि ती हवी असेल तर काय करावं लागेल. त्या पानावर गिऱ्हाइकाची सही घेतो. काहीजण दराच्या पानावर सही करतात आणि हे पान फाइलला नको म्हणतात. तिथे मी नमस्कार करून निघतो. बाकीच्यांच्या दोन्ही पानांवर सह्या झाल्या, अॅडव्हान्स जमा झाला, की मालाची ऑर्डर जाते.